आधी गावाची मोजणी, मग दराची गोष्ट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सह्याद्रीच्या कुशीत तुमचं गाव, वाड्या सहा, त्यात वर सड्याकडे एक धनगरवाडा आणि खाली नदीच्या अंगाला एक कातकरी वाडी. जलविद्युत प्रकल्पाचे मोजणीवाले येऊन दगडांवर लाल रंगाचे आकडे टाकून गेले. जुनी माणसं म्हणतात, हटायचं नाही. मुंबईकर मंडळातली पोरं म्हणतात, नर्मदेवर एवढं मोठं आंदोलन झालं तरी धरण झालंच, मग भांडण्यात वर्षं घालवण्यापेक्षा एकरी दर वाढवून घेऊ. यात खरं कुणाचं आणि आत्ता नेमकं करायचं काय?

मी 35 वर्षं हेच काम करतोय. सुरुवात सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात झाली, तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. पुढं सातारा-रायगडच्या खोऱ्यांत प्रकल्पग्रस्तांचे कागद जुळवण्यात आयुष्य गेलं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. विरोध की दर, अशी निवड तुमच्यापुढं नाहीच. ज्या गावानं एकदिलानं 'नाही' म्हटलं आणि 'नाही' म्हणत असतानाच घर, झाड, बांध, माणूस असं सगळं स्वतः मोजून ठेवलं, त्या गावाच्या हाताला काहीतरी लागलं. कुठं धरण थांबलं, कुठं जमिनीला जमीन मिळाली. ज्या गावानं पहिल्याच बैठकीत 'एकरी किती' विचारलं, त्या गावाला दरही धड मिळालेला मी पाहिलेला नाही.

हे आजचं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुळशीला हेच घडलं. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावर टाटांचं धरण व्हायचं होतं, वीज मुंबईला जायची होती आणि मावळातली 50 हून जास्त गावं पाण्याखाली येत होती. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुट्यांनी गावं पिंजून काढली. तरी तीन-साडेतीन वर्षांत लढा मोडला. तुरुंगवासानं माणसं थकली हे खरंच, पण फूट पडली ती सातबाऱ्यानं, म्हणजे त्या वेळच्या जमिनीच्या कागदानं. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या नाहीतर त्यांच्याकडे गहाण पडलेल्या होत्या. धरण आलं तर त्यांना रोख रक्कम मिळणार होती, म्हणून त्यांचं बोलणं लवकरच 'मोबदला वाजवी हवा' इथं येऊन थांबलं. जो कुळ म्हणून भात लावत होता त्याचं नाव कुठंच नव्हतं. त्याला जमीनही नाही आणि पैसाही नाही. बापटांनी 1924 च्या डिसेंबरात रुळावर दगड रचून गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली. तोवर खाली माणसं पांगायला लागली होती.

मुळशीची गोष्ट मी प्रत्येक नव्या गावात सांगतो, कारण ती गोष्ट प्रत्येक गावात असते. तुमच्या गावातही असेल. तुमच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? आजोबांच्या नावावर राहिलेल्या गटाला आज 30-40 वारस असतील. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं लागलीत का? कातकरी वाडी कुणाच्या जमिनीवर उभी आहे? धनगरवाड्यातली घरं वनखात्याच्या हद्दीत येतात की खासगी मालकीत? दराची भाषा सुरू झाली की या प्रश्नांना पाय फुटतात आणि भावकी कोर्टात जाऊन बसते. विरोधाची भाषा चालू असताना हेच प्रश्न चार लोक एकत्र बसून सोडवू शकतात, कारण तेव्हा कुणाचं काही जात नसतं आणि कुणाला काही मिळत नसतं.

कोयनेला विरोध झाला नाही म्हटलं तरी चालेल. नवं राज्य, उद्योगांना वीज हवी, मोठ्या माणसांनी शब्द दिला आणि शंभरेक गावांतली माणसं बैलगाड्या भरून उठली. त्या काळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राचा पहिला कायदा 1976 चा, आणि धरण त्याच्या आधीच बारा-तेरा वर्षं भरत होतं. आज कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर शिवसागर जलाशय उभा आहे त्यांची नातवंडं पर्यायी जमिनीसाठी अजून फाइली घेऊन फिरतात, आणि अलीकडच्या वर्षांतही डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. पाण्याच्या वर सरकून तिथंच राहिलेल्यांच्या नशिबी 1985 मध्ये अभयारण्य आलं आणि 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर आजही लाँच लागते. शब्दावर उठलेल्या गावाकडं नंतर दाखवायला कागद नसतो. कोयनेनं मला शिकवलं ते एवढंच, आणि ते फार महाग शिक्षण आहे.

आता नर्मदा. 'धरण झालंच ना' हे तुमच्या पोरांचं वाक्य मी आदरानं घेतो, कारण ते खरं आहे. सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत उभं राहिलं, 2017 मध्ये त्याचं लोकार्पण झालं, 2019 च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. महाराष्ट्राची 33 गावं त्यात गेली, अक्कलकुव्यातली 9 आणि अक्राणीतली 24. त्या 1,450 मेगावॅटमधली 27 टक्के वीज आपल्या वाट्याची. पण या हकिकतीचा मधला भाग पोरांना कुणी सांगितलेला नाही.

1979 मध्ये नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला. त्यात लिहिलं होतं की ज्याची पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाईल त्याला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन मिळेल, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला जाईल आणि पाणी चढण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरं झालेलं असेल. कागद चांगला होता. फक्त सातपुड्यातली अर्ध्याहून जास्त शेती त्या कागदात बसतच नव्हती. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला तिथं नेवाड म्हणतात. सरकारी दफ्तरात ते वनजमिनीवरचं अतिक्रमण. म्हणजे माणूस आहे, ज्वारी आहे, घर आहे, पण खातेदार नाही.

एका पाड्यावरची गोष्ट सांगतो. आम्ही वही घेऊन घरोघर जात होतो. एक म्हातारी आई ओट्यावर बसून मोहाची फुलं पसरत होती. मी विचारलं, जमीन किती? ती म्हणाली, चार पायल्या पेरते. एकर तिला ठाऊक नव्हता, असण्याचं कारणही नव्हतं. मग तिनंच उठून आम्हाला डोंगरावर नेलं. एकेका मोहाजवळ थांबून सांगायची, हे सासऱ्यानं दिलेलं, हे धाकट्या दिराचं, याची फुलं गोड, याखाली माझं पहिलं पोर पुरलंय. अकरा झाडं निघाली. पंचनाम्याच्या नकलेत तिच्या नावापुढं 'झोपडी 1' एवढंच होतं. आम्ही अकराच्या अकरा झाडं लिहिली, पेरणीचे शेत पावलांनी मोजलं, शेजारच्या दोघांचे अंगठे घेतले. अशा शेकडो वह्या त्या वर्षांत भरल्या. आंदोलन म्हटलं की लोकांना मोर्चा आठवतो, पाण्यात उभी राहिलेली माणसं आठवतात. मला त्या वह्या आठवतात. नर्मदाकाठच्या मणिबेली गावात माणसं छातीभर पाण्यात उभी राहू शकली, कारण त्यांच्या मागं गावाचा हिशेब पक्का होता.

आणि अशा हिशेबानं काय केलं ते बघा. 1987 मध्ये गुजरातनं धोरण बदललं, भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांनाही 2 हेक्टर कबूल केले. महाराष्ट्रात 1978 च्या आधीपासून नेवाड कसणाऱ्यांना जमीनधारक मानावं लागलं. जागतिक बँकेनं 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. लोकांनी दाखवलेल्या आकड्यांमुळं बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली, 1992 मध्ये त्या समितीनं पुनर्वसनाची मोजणीच अपुरी असल्याचं लिहिलं आणि 1993 च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज बंद झालं. 1995 ते 1999 अशी चार वर्षं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं भिंत 80 मीटरच्या जवळपास थांबून होती. 18 ऑक्टोबर 2000 चा निकाल आमच्या, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाच्या, विरोधात गेला, न्यायमूर्ती भरुचांचं मत तेवढं वेगळं होतं. पण त्या निकालातही भिंतीची उंची आणि पुनर्वसन बरोबरीनंच पुढं जाईल अशी अट बसली. पुढची सगळी वर्षं आम्ही त्या एका अटीवर लढलो. तळोद्याची सुमारे 4,200 हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी झाली. सोमावल, रोझवा या वसाहतींत आज कापूस-केळीची शेती करणारी कुटुंबं आहेत. कोयनेच्या आणि त्यांच्या नशिबातला फरक कुणी दान केलेला नाही.

खोटं सांगणार नाही, किंमत मोठी होती. तुरुंग झाले, लाठ्या झाल्या. कितीतरी कुटुंबं 'घोषित नाही' म्हणून यादीबाहेर राहिली आणि पाणी चढल्यावर त्यांच्या टेकड्यांची बेटं झाली. बेटावर शेत आहे पण बैल न्यायला होडी लागते, अशी माणसं मला आजही भेटतात. दोन पिढ्या अनिश्चिततेत वाढल्या. जीवनशाळा निघाल्या त्या यातूनच. सरकारी शाळा कागदावर भरत होत्या, मास्तर दिसत नव्हते, म्हणून लोकांनी चिमलखेडी आणि निमगव्हाणला कुडाच्या भिंतींत स्वतःच्या शाळा उभ्या केल्या आणि पहिली पुस्तकं तिथल्या पावरी बोलीत काढली. आणि बिलगाव! धरणाला विरोध करणारे विजेचे शत्रू, असं म्हणणाऱ्यांना मी बिलगावला नेत असे. उदई नदीच्या धबधब्यावर गावानं श्रमदान करून, केरळातल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीनं 2003 मध्ये 15 किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला. घराघरांत दिवा लागला. 2006 च्या पुरात तो वाहून गेला. त्या रात्रीनंतर महिनाभर मी त्या गावात गेलो नाही, जाववलं नाही.

थांबलेली धरणंही आहेत, तीही पोरांना सांगा. केरळात सायलेंट व्हॅली 1983 मध्ये सोडून दिली. झारखंडात कोयल-कारोचा 710 मेगावॅटचा प्रकल्प आदिवासींनी तीन दशकं अडवून धरला. 2 फेब्रुवारी 2001 ला तपकरा इथं गोळीबारात आठ माणसं गेली आणि 2003 मध्ये प्रकल्प गुंडाळला. आपल्याच गडचिरोलीच्या सीमेवर इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली ही दोन धरणं यायची होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत आदिवासी उठले, बाबा आमटे त्यांच्याबरोबर होते. ती धरणं झाली नाहीत. त्या चळवळीत बसून ऐकलेल्या माणसांनीच पुढं मेंढा-लेखा गावात 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणून दाखवलं आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. धरणाविरुद्ध जमलेलं गाव धरण टळल्यावर घरी जाऊन झोपत नाही.

आता तुमच्या कामाचं. सगळ्यात आधी प्रकल्पाचं नाव कागदावर नीट वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'उदंचन' असा शब्द आहे. उदंचन म्हणजे खालच्या जलाशयातलं पाणी स्वस्त विजेच्या वेळी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. घाटघरला 250 मेगावॅटचा असा प्रकल्प आधीच चालू आहे. यात जेवढी वीज खर्च होते त्याहून कमी परत मिळते, म्हणजे ही वीज साठवण्याची सोय आहे. सुनावणीत 'तुम्हाला वीज नको का' असं कुणी म्हणालं तर एवढं शांतपणे विचारा: साठवलेली वीज कोण वापरणार, आणि जुन्या धरणांचेच दोन जलाशय जोडून हे का होत नाही? पर्याय मांडणं हे विरोधाचंच काम आहे. नर्मदेवरही पुण्याच्या सुहास परांजपे आणि के. जे. जॉय यांनी 1995 मध्ये भिंतीची उंची कमी ठेवून पाणी जास्त गावांना देण्याचा पूर्ण आराखडा मांडला होता.

मग बघा, जमीन कोण घेतंय. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर 80 टक्के बाधित जमीनधारक कुटुंबांची आधी संमती लागते. सरकारी-खासगी भागीदारी असेल तर 70 टक्के. निव्वळ सरकारी प्रकल्पाला संमतीची अट नाही. सामाजिक परिणामांचा अभ्यास ग्रामसभेशी बोलून करायचा असतो, पण त्याच कायद्याच्या कलम 6 मध्ये एक पळवाट आहे: पर्यावरण अभ्यास आधीच करावा लागणाऱ्या सिंचन प्रकल्पांना हा अभ्यास माफ आहे. म्हणून कागदावर सिंचनाचा एखादा छोटा कालवा जोडलेला दिसला की मी सावध होतो. तुमच्या कागदात तसं आहे का, पाहा.

संमतीच्या टक्क्यांमुळं दलाल आधी येतात. तुमच्याकडं दोन वर्षांपासून कुणी अनोळखी माणूस सड्यावरची पडीक जमीन घेत फिरतोय, असं तुम्ही लिहिलंय. ते योगायोगानं होत नाही. त्याच्या नावावर गेलेला प्रत्येक गट उद्या संमतीच्या मोजणीत तुमच्या विरुद्ध पडतो. कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाली की खरेदी-विक्रीला बंदी येते, पण तोवर मैदान मोकळं असतं. ग्रामसभेचा पहिला ठराव विरोधाचा आणि दुसरा जमीन न विकण्याचा असला पाहिजे, आणि दुसऱ्या ठरावावर मुंबईकर मंडळाच्या सह्या हव्यात, कारण विकणारे बहुधा तिथंच असतात. हे मी कुणाला दोष देऊन म्हणत नाही. खोलीचं भाडं आणि पोराची फी समोर असली की पडीक रानाचे चार लाख मोठे वाटतात.

'सरळ खरेदी' हा शब्द ऐकलात की थांबा. त्यात पैसे लवकर मिळतात आणि थोडे जास्तही वाटतात, पण खरेदीखतावर सही झाली की तुम्ही विकणारे होता, प्रकल्पग्रस्त राहत नाही, असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. पर्यायी जमीन, घराचा प्लॉट, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, हे त्या कागदात शब्दात लिहिलेलं नसेल तर नंतर कुणी लिहून देत नाही. रोख रकमेचं आणखी एक. महाराष्ट्रात पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातले 65 टक्के आधी भरायचे, असा नियम होता. किती जणांचे पैसे तोवर लग्नात, दवाखान्यात, स्लॅबच्या घरात गेलेले असायचे! भरायला रक्कम नाही म्हणून जमिनीचा हक्क गेलेली कुटुंबं मला तोंडपाठ आहेत. मध्य प्रदेशात जमिनीऐवजी रोख देण्याची योजना आली तेव्हा बनावट खरेदीखतांचा बाजार भरला आणि चौकशीला झा आयोग नेमावा लागला. पैसा वाईट नसतो, पण बुडिताच्या गावात तो पाण्याच्या आधी वाहून जातो.

बुडिताची रेषा ही गोष्ट मात्र तुम्ही स्वतः तपासायची. माहिती अधिकारात प्रकल्प अहवाल मागा, त्यात पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावरची पाण्याची उंची, आणि बॅकवॉटरचा, म्हणजे मागं चढणाऱ्या पाण्याचा, तक्ता असतो. धरणातलं पाणी टेबलासारखं सपाट नसतं. पुराच्या वेळी नदी वरून पाणी ढकलत असते, त्यामुळं भिंतीपासून दूर, वरच्या टोकाला फुगवटा जास्त चढतो. नर्मदेवर मध्य प्रदेशात ही पातळी कागदावर खाली आणली गेली आणि सुमारे 16 हजार कुटुंबं एका फटक्यात यादीबाहेर गेली. सप्टेंबर 2023 च्या पुरात 'बुडिताबाहेर' म्हटलेली घरं पाण्यात उभी होती.

आम्ही एका खोऱ्यात काय केलं ते सांगतो. गवंडी पाया समपातळीत आणायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, ती 100 फुटी आणली. मोजणीवाल्यांच्या पूर्ण संचय पातळीच्या दगडाला एक टोक धरलं, दुसरं टोक घेऊन पोरगा पुढं गेला. नळीतलं पाणी जिथं बरोबरीत येईल तिथं चुन्याची खूण करायची, मग तीच खूण धरून पुढं. तीन दिवसांत अख्ख्या वाडीभोवती चुन्याची रेघ फिरली. यादीत नसलेली 14 घरं रेघेच्या खाली निघाली आणि देवराईसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात अधिकाऱ्यांना बोलावून तीच नळी त्यांच्या हातात दिली. वाद झाला नाही, कारण पाण्याशी कोण वाद घालणार? फेरमोजणी झाली. त्या दिवसापासून त्या वाडीतली माणसं कार्यालयात गेली की खुर्चीवर बसून बोलायला लागली.

जंगल जात असेल तर 2006 चा वनहक्क कायदा तुमचं सगळ्यात भक्कम कुंपण. हक्कांची नोंद आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, असं कलम 4(5) सांगतं. ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि 12 च्या 12 ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळं आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू नाही. पण वनहक्क सगळीकडं लागू आहे. कातकरी वाडीचे दावे आधी भरा. धनगरवाड्याला 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागेल, तो जुन्या चराईच्या पावत्यांत, शाळेच्या दाखल्यांत, म्हाताऱ्यांच्या जबाबांत सापडतो. 2022 च्या नियमांनी वनजमीन वळती करण्याच्या परवानगीचा क्रम बदललाय, म्हणून हे दावे प्रकल्पाची परवानगी यायच्या आत दाखल असले पाहिजेत.

जनसुनावणीची नोटीस 30 दिवस आधी यावी लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. तुमच्या मुंबईकर पोरांनी तो वाचून काढायचा, हे त्यांचं काम. त्यात गावातल्या झऱ्यांची, मधाच्या पोळ्यांची, नाचणीच्या वरकस जमिनीची नोंद आहे का ते शोधायचं. नसेल तर तेच मुद्दे लेखी द्या आणि पोहोच घ्या. सुनावणीत एकानं एकच मुद्दा मांडायचा, बायांनी आधी बोलायचं. सुनावणीला किती माणसं हवीत याची अटच नसते, म्हणून बहिष्कार घातला तर रिकाम्या मांडवातही ती 'पार पडली' असं लिहिलं जातं. शेवटी इतिवृत्त तिथंच, मराठीत, सगळ्यांपुढं वाचून दाखवलं पाहिजे, हा नियम आहे. वाचल्याशिवाय उठू नका, रात्र झाली तरी.

एवढं सगळं करून भिंत उभी राहिलीच, तर 2013 च्या कायद्याचं कलम 38 लक्षात ठेवा: जलविद्युत प्रकल्पात पाणी अडवण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेलं असलं पाहिजे. 1979 मध्ये लवादाच्या निवाड्यात आलेली ओळ आता देशाच्या कायद्यात आहे. ती तिथं पोहोचायला किती माणसांनी किती वर्षं पाण्यात काढली, ते मी पाहिलंय.

पहिली बैठक गावठाणातल्या देवळात घेऊ नका. कातकरी वाडीत घ्या, सगळ्यात आधी पाणी तिथं येणार आहे आणि सगळ्यात कमी कागद त्यांच्याकडं आहेत. संकलन यादी, म्हणजे बाधितांची नोंद, तुमची तुम्ही त्या वाडीपासून सुरू करा: कुटुंबप्रमुखाच्या नावाशेजारी बाईचंही नाव, सज्ञान मुलामुलींच्या जन्मतारखा, झाडं, विहीर, गोठा, वापरात असलेली वनजमीन, आणि मुंबईला कोण राहतं तेही. आणि एक काम बैठकीच्याही आधी, या आठवड्यातच उरका. त्या लाल आकड्यांच्या प्रत्येक दगडाचे फोटो काढा, शेजारी ओळखीची खूण दिसेल असे, आणि आकडे वहीत उतरवा. पावसाळा तोंडावर आलाय. जूनच्या पहिल्या दोन सरींत तो रंग धुऊन जातो, आणि मग रेषा कुठं होती ते फक्त त्यांच्या नकाशात राहतं.